भिंगरीला करडू करून घेण्याबाबत

माणसाला सुखाने जगायला फार थोडं लागतं. आणि ते थोडं स्वतःच्या हाताने पिकवायचं ठरवलं, की सुखाने जगायला वेळ उरत नाही. हे सत्य थोरामोठ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी ते नेहमी दुसऱ्यांना करायला सांगितलं.

वसाहतीतल्या लोकांनी मात्र ते स्वतः करायचं ठरवलं होतं. आठ कुटुंबं, साडेतीन एकर जमीन, चार शेळ्या, मधमाश्यांच्या तीन पेट्या, एक तळं आणि भोपळे. भोपळ्यांचा आकडा देता येत नाही. पहिल्या वर्षी चौदा भाज्या लावल्या होत्या. त्यांतल्या तेरांनी वसाहतीची विचारसरणी समजून न घेताच माना टाकल्या आणि भोपळा तेवढा निष्ठावंत निघाला. तेव्हापासून वसाहत अन्नाच्या बाबतीत स्वयंपूर्ण आहे, असं म्हणण्याची तिथे पद्धत आहे. (मीठ, तेल, साखर, चहा, साबण, थोडक्यात भोपळा सोडून सगळंच, दर शनिवारी टेम्पोने येतं. टेम्पो मागच्या दाराने येतो.)

भिंगरीची आई या वसाहतीत सर्वांत शेवटी आली. तिने संख्याशास्त्राची पदवी घेतलेली होती. त्यामुळे इतर आयांना जिथे नुसती काळजी वाटते, तिथे तिला ती टक्क्यांत वाटे. शहरात ती तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि बाल्कनीच्या गजांमधून भिंगरीचं डोकं जाईल की नाही, हे मोजण्यात तिचं बाळंतपण सरलं होतं. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, तिथे बाल्कनीच नाही."

हे अगदी खरं होतं. तिथे तळं होतं.

तळं वसाहतीच्या मधोमध होतं आणि सगळ्यांनी मिळून हाताने खणलेलं होतं. त्याला काठ असा नव्हता. जमीन चालता चालता जिथे पाणी व्हायची, तिथे तळं सुरू व्हायचं. खोली मोठ्या माणसाच्या छातीइतकी. वर हिरवं शेवाळ इतकं दाट आणि एकसारखं, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथे लहान मुलांसाठी मुद्दाम हिरवळ केली आहे. भिंगरी तेव्हा वर्षाची होऊन गेली होती आणि नुकतीच चालायला लागली होती. चालायला म्हणजे काय, ती एका दिशेला पडायची आणि पडणं पुढे पुढे ढकलत न्यायची. ती दिशा बहुतेक वेळा तळ्याची असे.

भिंगरीच्या आईने अंतर मोजलं. घराच्या उंबरठ्यापासून तळं एक पातेलं घासण्याइतकं लांब होतं. करपलेलं असेल तर मध्ये भिंगरी जाऊन परतसुद्धा येऊ शकली असती. फक्त परत येण्याची शक्यता आकडेमोडीत बसत नव्हती.

म्हणून तिने तळ्याला कुंपण घालावं असा ठराव मांडायचं ठरवलं. इथे वसाहतीच्या कामकाजाविषयी थोडं सांगणं भाग आहे, कारण असं दयाळू कामकाज फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतं.

सभेत 'नाही' हा शब्द हिंसक म्हणून वर्ज्य होता. कुणाला एखादी गोष्ट पटली नाही, तर त्याने छातीवर हात ठेवून "माझ्या मनात एक ढग आला आहे" एवढंच म्हणायचं. एक जरी ढग आला, तरी ठराव बाजूला ठेवायचा आणि आभाळ निवळायची वाट बघायची. ढग का आला, हे विचारायचं नाही. ढगाला कुणी विचारतं का? या पद्धतीमुळे वसाहतीत आजवर एकदाही भांडण झालेलं नाही. एकसष्ट ठराव मांडले गेले, त्यांतले अठ्ठावन्न ढगाखाली आहेत. मंजूर झालेले तीन असे: संस्थापक दादांचे आभार, भोपळ्याचे आभार, आणि ढगांची पद्धत सुरू करण्याबाबतचा ठराव. (तिसरा मंजूर झाला तेव्हा ढगांची पद्धत नव्हती.)

दुसरी गोष्ट म्हणजे पाट्या. माणसाने आजवर पुष्कळ बोलून घेतलं आहे, तेव्हा आता सभेत इतर जिवांनी बोलावं, असं वसाहतीचं धोरण होतं. इतर जीव वेळेवर येत नसल्यामुळे त्यांचे प्रतिनिधी नेमले होते. प्रत्येकाच्या गळ्यात वीतभर रुंद नि हातभर लांब लाकडी पाटी. झाडांची पाटी खुद्द दादांकडे होती. दादा पूर्वी शहरात लिफ्ट विकत. लोकांना वर नेण्याची सवय त्यांना तिथूनच लागली. बेडकांची पाटी एका निवृत्त दंतवैद्यांकडे होती. जन्मभर त्यांनी लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना बोलू दिलं नव्हतं, आणि ती शिल्लक आता ते स्वतः संपवत होते. त्यांना सगळे बेडूककाका म्हणत. शेळ्यांची पाटी शेळीताईंकडे. त्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असत. भिंगरीच्या बाबांनी मधमाश्या घेतल्या. भिंगरीची आई आली तोवर फक्त गांडुळं उरली होती.

माणसांचा प्रतिनिधी कुणीच नव्हता. गरज काय? सगळे माणसंच तर होते.

तर भिंगरीची आई गांडुळांची पाटी घालून उभी राहिली आणि म्हणाली, "तळ्याला कुंपण घालू या. साधं, गुडघ्याएवढं. भिंगरी चालायला लागलीय."

भिंगरी चालायला लागली म्हणून सर्वांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग ढग यायला लागले.

"बेडूक संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडतात," बेडूककाका छातीवर हात ठेवून म्हणाले. "त्यांना काय सांगू मी? आजपासून दार बंद?"

"ताई, कुंपण आपण तळ्याला घालत नसतो," दादा डोळे मिटून म्हणाले. "मनाला घालत असतो."

"मनात बुडून कुणी मरत नाही, दादा."

यावर सभेने दोन मिनिटं मौन पाळलं, कारण वाक्यात 'नाही' होतं.

मौन संपल्यावर शेळीताईंनी अत्यंत प्रेमाने एक तांत्रिक मुद्दा काढला. ज्याचा ज्या गोष्टीत हितसंबंध, त्याने त्यावर ठराव मांडू नये, असा जगभर संकेत आहे. आईचा मुलीत हितसंबंध असतो, हे त्यांनी तीन पायऱ्यांत सिद्ध करून दाखवलं. गांडुळांच्या बाजूने काही म्हणायचं असेल तर सभा ऐकायला उत्सुक आहे, असंही त्या म्हणाल्या.

"गांडुळांना काळजी वाटतेय," भिंगरीची आई म्हणाली.

"कशाची?"

"भिंगरीची."

हे सभेला गांडुळांच्या स्वभावाशी विसंगत वाटलं. तिने मदतीसाठी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा हात छातीवर होता.

"मलाही एक आलाय," तो हळूच म्हणाला. "छोटासाच आहे गं."

"अरे, तुझी मुलगी आहे ती!"

"हो, पण मी आत्ता मधमाश्या आहे ना."

सभा एवढी निष्ठुर मात्र नव्हती. कुंपणाऐवजी दोन उपाय सुचवण्यात आले. पहिला, रोज सकाळी सर्वांनी तळ्याकडे बघून 'सांभाळून घे' असं मनात म्हणावं. दुसरा, तळ्याजवळ एक फलक लावावा. फलकावर 'सावकाश, इथे खोली आहे' असं लिहिलं. अक्षर बारीक काढलं, कारण मोठं अक्षर म्हणजे ओरडणंच. ते वाचायला अगदी जवळ जावं लागे. पहिल्या महिन्यात वसाहत बघायला आलेले तीन पाहुणे फलक वाचता वाचता कंबरेपर्यंत ओले झाले, आणि तिघांनीही आत उभं राहून मजकूर फार सुंदर असल्याचं कळवलं.

भिंगरीच्या आईने आपल्यापुरती व्यवस्था केली. जुन्या चादरीची लांब पट्टी फाडून तिचं एक टोक स्वतःच्या कंबरेला आणि दुसरं भिंगरीच्या कंबरेला बांधलं. ती भांडी घासायची तेव्हा भिंगरी पट्टीच्या टोकाला गोल गोल फिरायची. दादांनी ते पाहिलं आणि कुणाचंही नाव न घेता 'बंधनं' या विषयावर एक संध्याकाळ बोलले.

मोबाइलला रेंज फक्त खताच्या ढिगाऱ्यावर चढलं तरच मिळे. तिथे उभं राहून तिने आईला फोन लावला.

"अगं, कुंपणाला काय लागतं? चार फळ्या आणि मूठभर खिळे," आई म्हणाली. "त्याला सभा कसली घेता?"

"आई, इथे सगळ्यांचं एकमत लागतं. एकाचाही ढग आला, की थांबायचं."

"तुझं लग्न एकमताने झालं होतं का? तुझ्या आत्याचा ढग अजून गेलेला नाही. म्हणून तू थांबलीस?"

"तेव्हाच थांबायला हवं होतं," भिंगरीची आई म्हणाली, आणि खतात पाय रुतल्यामुळे फोन कट झाला.

एके सकाळी पट्टीची गाठ सुटली. भांडं साधंच होतं, करपलेलंही नव्हतं. भिंगरीच्या आईने मान वर केली तेव्हा भिंगरी फलकापाशी पोहोचली होती आणि एक पाय उचलून हिरवळीवर ठेवायच्या बेतात होती. आई धावली. कशी धावली ते तिला आठवत नाही. एवढंच आठवतं, की भिंगरीला काखेत मारून ती परत आली तेव्हा दुसऱ्या हातात पातेलं तसंच होतं आणि घासणीसुद्धा. भिंगरी पाय हवेत तसाच ठेवून खिदळत होती.

ही घटना तिने सभेपुढे ठेवली. सभेने घटना काळजीपूर्वक तपासली आणि ती घडलेलीच नाही, असा निष्कर्ष काढला. मुलगी पडली नव्हती. जे झालं नाही त्यावर बोलणं म्हणजे भीतीची लागवड करणं. (लागवडीसाठी भोपळ्यांमुळे आधीच जागा अपुरी होती.)

त्याच आठवड्यात शेळीचं एक करडू तळ्यात पडलं.

ते ताबडतोब बाहेर काढलं गेलं. दोनदा शिंकलं आणि जवळ उभ्या असलेल्या दादांची बाही खाऊ लागलं. पण वसाहत हादरून गेली. तातडीची सभा भरली. शेळीताईंना हुंदका आवरेना. तळ्याला कुंपण घालण्याला बेडकांची हरकत आहेच, तेव्हा शेळ्यांच्या आवाराला घालावं, असं ठरलं. एकही ढग आला नाही. सूर्य मावळायच्या आत कुंपण उभं! कमरेएवढं उंच, फळ्या घासून गुळगुळीत केलेल्या, आत कोरडं गवत, वर न गळणारं छप्पर, आणि शेळ्यांच्या तोंडाला लागू नये म्हणून कडी बाहेरून. कुंपणाला कुंपण म्हटलं नाही. त्याला 'मायेचं रिंगण' म्हटलं. बेडूककाकांनी स्वतः खिळे धरले.

भिंगरीची आई ते बघत उभी राहिली. कंबरेला पट्टी, पट्टीच्या टोकाला भिंगरी. वसाहतीत आता एकच जागा अशी होती जिथून तळ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता शून्य टक्के होती. तिने विचारलं, "दिवसा कामाच्या वेळी भिंगरीला आत सोडलं तर?"

"रिंगण शेळ्यांसाठी आहे," शेळीताई म्हणाल्या. "माणूस आत आला, की त्या बुजतात."

संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली असते. आकडा बदलता येत नसेल, तर रकाना बदलावा. पुढच्या सभेत भिंगरीच्या आईने ठराव मांडला: 'भिंगरीला करडू करून घेण्याबाबत.' मुलीसाठी काही मागितलं असतं तर हितसंबंध आला असता. इथे ती मुलगी उलट सोडूनच देत होती.

सभा या त्यागाने हेलावली. शेळीताईंनी ठरावाची शास्त्रीय छाननी केली. भिंगरी कागद खाते. दिसेल त्यावर चढते. दुसऱ्याच्या ताटातला पाला ओढते. हाक मारली की उलट्या दिशेला जाते. काही हवं असलं की शब्द वापरत नाही, नुसती ओरडते. आणि ते मिळालं तरी ओरडते. "वेगळेपणाचा मुद्दा एकच उरतो," शेळीताई म्हणाल्या, "दोन पाय." पण पायांच्या संख्येवरून भेदभाव करणं वसाहतीच्या तत्त्वात बसत नव्हतं. आभाळ निरभ्र राहिलं.

करडू झाल्याचे फायदे लगेच दिसू लागले. सकाळचं पहिलं दूध भिंगरीला येऊ लागलं. महिनाभर तिला खोकला होता. तो 'शरीराचा स्वतःशी चाललेला संवाद' असल्यामुळे त्यात कुणी पडायचं नाही, असं आजवर सर्वांचं म्हणणं होतं. आता करडू खोकतंय म्हटल्यावर गुरांचा डॉक्टर दुपारच्या आत हजर झाला. त्याने भिंगरीला तपासलं, चष्मा पुसला, पुन्हा तपासलं.

"बाई, हे लेकरू आहे."

"सभेत तसं बोलू नका," भिंगरीची आई म्हणाली. "औषध काय देऊ तेवढं सांगा."

त्याने आपल्या नातीला देतो तेच सांगितलं. खोकला चार दिवसांत गेला.

चांगली गोष्ट लपून राहत नाही. पाठोपाठ दुसऱ्या दोन घरांतली मुलं करडं झाली. मग दादांचे गुडघे दुखू लागले. त्यांच्या झोपडीचं छप्पर गळत होतं, (त्याच्या दुरुस्तीचा ठराव त्यांच्याच ढगाखाली होता) आणि शेळ्यांना जमीन खणावी लागत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आपली प्रगती माणसापाशी थांबवणं हा अहंकार असल्याचं जाहीर केलं आणि ते बोकड झाले. शेळीताई तर काय, तत्त्वाने आधीच अर्ध्या आत होत्या. बेडूककाकांनी बेडकांची माफी मागून पाटी उतरवली. पाऊणशे टक्के वसाहत रिंगणात गेल्यावर एका दुपारी भिंगरीचे बाबा फावडं टेकून म्हणाले, "अगं, मी फक्त दुपारपुरता जाऊन येतो. भिंगरीवर लक्ष राहील."

"माणूस म्हणून ठेव ना लक्ष."

"तू मनाला लावून घेऊ नकोस. बें."

आत इतकी दाटी झाली, की मूळच्या शेळ्या कंटाळून कुंपणावरून उड्या मारून बाहेर आल्या आणि भोपळ्यांच्या मळ्यात शिरल्या. त्यांच्याविषयी सभेत बोलायला आता कुणी उरलं नव्हतं.

तिलाही आत जायला कुणी मनाई केली नव्हती. उलट सगळे आग्रहाने बोलवत होते. अडचण कडीची होती. कडी बाहेरून होती. ती लावायला कुणीतरी बाहेर राहणं भाग होतं, नाहीतर करडू निसटून तळ्याकडे जायचं. शिवाय कुणीतरी पाणी आणायचं, गवत बदलायचं, शनिवारी टेम्पोला मागचं दार उघडायचं. वर्षअखेरीला दादांनी गवतावर बसल्या बसल्या समाधानाची पाहणी केली. वसाहतीत समाधानाचं प्रमाण शहाण्णव टक्के भरलं. उरलेले चार टक्के बाहेर बादली घेऊन उभे होते.

बादली घेऊन तळ्याकडे जाताना एक दिवस ती थांबली. वसाहतीत माणूस म्हणावं असं ती सोडून कुणी नव्हतं. याचा अर्थ, तिने मनात हिशेब केला, जिथे ती उभी आहे तिथे सभा भरलेली आहे.

तिने बादली खाली ठेवली. ठराव मांडला. ढगासाठी थोडा वेळ थांबली. आलाच तर मीच आणला म्हणायचा. आला नाही. मग ती सभागृहात गेली, खुंटीवर लटकलेल्या सगळ्या पाट्या उतरवून आणल्या, रिंगणातून उरलेले खांब आणि फळ्या गोळा केल्या, आणि हातोडी घेतली.

पहिल्या ठोक्यालाच रिंगणातून आवाज आला.

"माझ्या मनात एक ढग आला आहे!" बेडूककाका कुंपणावरून मान काढून म्हणाले.

"काका, शेळ्यांना ढग येत नाहीत," ती खिळा दातांत धरून म्हणाली. हा 'नाही' तिला फार चवदार लागला. "शेळ्या बें करतात."

काकांनी विचार केला. मग बें केलं.

दुपार उतरेपर्यंत तळ्याभोवती कुंपण झालं. झाडं, बेडूक, शेळ्या, मधमाश्या, खत, वारा: सगळ्यांचे प्रतिनिधी एका ओळीत शिस्तीत उभे, कधी नव्हे ते काही न बोलता. खाली वीतभर फट तिने ठेवली. त्याच संध्याकाळी बेडूक तिच्यातून फिरायला बाहेर पडले आणि वेळेवर परत आले. गांडुळांची पाटी तिने फाटकाला लावली. फाटकाला कडी, आणि कडी भिंगरीच्या हाताच्या बरीच वर.

मग तिने रिंगणाची कडी काढली, भिंगरीला बाहेर घेतलं आणि विधिपूर्वक माणूस केलं. म्हणजे तोंड धुतलं. कंबरेची पट्टी सोडली. भिंगरी सुसाट तळ्याकडे निघाली, कुंपणाला धडकली, मटकन बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्पष्ट शब्द फुटला. "नाही," ती म्हणाली. आईने तिचे दोन मुके घेतले.

मागे रिंगणाचं दार उघडंच होतं. आतल्या कुणीही बाहेर यायची घाई केली नाही. "अगं, वारा येतोय, लाव ना ते," असं तिच्या नवऱ्याच्या आवाजात कुणीतरी बें केलं. तिने थोडा वेळ वाट बघितली. मग कडी लावली, कारण सवय वाईट असते.

भिंगरीची आई अजून तिथेच आहे. वसाहत बघायला लोक येतात, कुंपणाबाहेरून फोटो काढतात, भरपूर हसतात आणि घरी जाऊन आरामात बसून ही गोष्ट इतरांना सांगतात. तुम्हीही हसला असाल. इतकं सलग, मध्ये न उठता, वाचायला मिळालं आहे तुम्हाला. गवत कोरडं आहे, छप्पर गळत नाही, चहा बहुधा हातात आला आहे. तेव्हा वाचून झालं असेल तर एकदा मान वर करून बघा, तुमच्या दाराची कडी बाहेरून कुणी लावली आहे ते.

हाक मारायला नाव आठवत नसेल तर राहू द्या. नुसतं बें केलंत तरी तिला कळतं.